पळून पळून झिजलेलं घोडं

आमच्या आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कुठल्याच सिनेमातली हिरॉईन पसंत पडायची नाही. टीव्हीवर एखादी पोरगी ओढणी उडवत डोंगर उतरायला लागली की आत्या मिश्रीचं बोट थांबवून म्हणायच्या, "आमच्या द्वारकीला असलं काय करायला लागलं न्हाय." मग घरात जो कोणी पाहुणा असेल त्याला विचारावंच लागायचं, की द्वारकी कोण. तो विचारेपर्यंत आत्या त्याच्याकडे बघत राहायच्या.

मला बघायला आले तेव्हा बाकीच्यांनी स्वैपाकाचं, शेतातल्या कामाचं विचारलं. आत्यांनी माझी हनुवटी धरून तोंड आधी इकडे वळवलं, मग तिकडे वळवलं, आणि म्हणाल्या, "नाक जरासं द्वारकीच्या वळणावर हाय. चालंल." मला वाटलं द्वारकी ही वारलेली नणंद असावी. लग्न होऊन वर्ष उलटल्यावर कळलं, की मी मूकपटातल्या एका तारकेच्या नाकावर पास झाले होते.

द्वारकी ही आत्यांची थोरली बहीण. आत्यांचं नाव गोजरबाई. माहेर डाळजचं आणि सासरही डाळजचंच, त्यामुळे त्या कधी माहेरी गेल्या नाहीत आणि कधी सासरी आल्या असंही त्यांना वाटलं नाही. त्यांच्या लहानपणी घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घाटाच्या अंगाला निघायचा. बुटक्या धनगरी घोड्यावर अंथरुणं, भांडी, खुराड्यातल्या कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर द्वारकी. एक पाय दुमडून मांडीखाली घेतलेला, दोर एका हातात, दुसऱ्या हातात एखादं कोकरू, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून पदर दातांत धरलेला. पदराला हातच उरायचा नाही.

तिला नीरेच्या पल्याड दिली. सासर जाचाचं निघालं. एका सकाळी ती तिथून निघून गेली, आणि जाताना सासरचं घोडं घेऊन गेली. सासरची माणसं डाळजला आली ती घोडं मागायला. सुनेचं काय, असं आत्यांच्या वडिलांनी विचारलं, तर म्हणाले, तिचं मागनं बघू. गावानंही दोन-तीन गोष्टी तयार केल्या. त्यातली एकही चांगली नव्हती. आत्यांची आई धड जेवेना. पाण्याला म्हणून निघायची आणि वाटेतल्या प्रत्येक विहिरीत वाकून बघायची.

पुढच्या हंगामात गावात तंबूचा सिनेमा आला.

तंबू मानसिंगशेठचा. बैलगाडीतून यायचा. हातानं फिरवायचं मशीन, मधोमध ताणलेलं पांढरं कापड. कापडाच्या पुढे पुरुष बसायचे आणि मागे बायका. कापड पाणी मारून ओलं ठेवायचे, म्हणजे चित्र मागच्या बाजूलाही उमटायचं. चित्रं मुकी. मधूनमधून अक्षरं यायची, पण ती वाचणार कोण? म्हणून कापडाच्या कडेला वेताची काठी घेऊन भिगवणचा इमाम उभा राहायचा. तेव्हा त्याला मिसरूडही फुटलेलं नव्हतं. लिहिलेलं तो वाचून दाखवायचा. न लिहिलेलं त्याहून जास्त वाचून दाखवायचा.

मी ह्या घरात आले तोवर इमामचे इमामचाचा झाले होते. भिगवणला नातवाच्या कॅसेटच्या दुकानात खुर्ची टाकून बसायचे आणि गिऱ्हाईक नसलेल्या माणसांशी बोलायचे. मी बाजाराला गेले की मलाही थांबवायचे. सिनेमातली नटी मोठी कशी झाली, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं.

"शालन, आदी नट-नटी कुणी बघायला येत नव्हतं," ते म्हणायचे. "लोक देव बघायला यायची. चपला काढून बसायची. पडद्याला नारळ फोडायची, ते पाणी मशीनवर उडायचं. मग एकदा बायकांच्या अंगानं कुणीतरी इचारलं, 'ही मागच्या खेपंचीच बाई न्हवं? हिचं नाव काय?' मी शेठला इचारलं. शेठ म्हणला, कंपनी नाव कळवत न्हाय. नाव कळवलं तर लोक तिला वळखतील, आन् वळखली की ती पगार वाढवून मागंल."

"मग?"

"मग काय. कंपनीचा पगार, कंपनी जाणं. माझ्या म्होरं तर लोकं बसली हुती. मीच नाव ठिवलं. कपाळाला कोर हुती, म्हणलं मिस चंद्रकोर."

नाव मिळालं आणि तंबूचं चित्रच पालटलं. लोक गोष्ट विचारीनासे झाले. 'चंद्रकोर हाय का' एवढंच विचारायचे. एका सिनेमात ती सुरुवातीलाच मरायची, तर लोक उठून जायला लागले. चाचांनी काठी आपटून सांगितलं, बसा, ही सोंग घेऊन पडलीय, शेवटी उठंल. ती शेवटी उठली नाही, पण तोवर खेळ संपला होता. पाट्या रंगवणाऱ्यानंही काय ते ओळखलं. आधी पाटीवर राजवाडा, लढाई, हत्ती असायचे. हळूहळू हत्ती गेला, लढाई गेली, आणि पाटीभर एकटी चंद्रकोर उरली.

पुढचा प्रश्न आपोआप आला, ही बाई कुठली?

"मुंबईची म्हणलं की लोक गप," चाचा म्हणायचे. "आपल्यातलीच म्हणलं की दुसऱ्या दिवशी बैलगाड्या."

डाळजला तंबू लागला त्या दिवशी ते न्हाव्याकडे दाढी नसताना दाढी करायला बसले आणि गावात काय चाललंय ते ऐकून आले. खेळाला काठी पडद्यावर टेकवून म्हणाले, "वळखा मंडळी, ही कोण? घोड्यावर बसून तुमच्या गावची लेक गेली, ती थेट कंपनीत."

कापडाच्या मागे आत्या आईच्या मांडीवर होत्या. पडद्यावरच्या बाईच्या उजव्या गालावर तीळ. द्वारकीच्याही उजव्याच गालावर होता. आई पुष्कळ वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बारीक झालीया." घरी येऊन तिनं भाकरी खाल्ली.

गावाच्या गोष्टी दुसऱ्या दिवशी थांबल्या. सासरचेही पुन्हा आले नाहीत. एवढ्या मोठ्या बाईकडे घोडं कसं मागणार?

त्याच सिनेमात एक गंमत होती. राजकन्या महालातून निसटते तेव्हा उंचापुरा घोडा असायचा. रानात धावायला लागली की तोच घोडा एकदम बुटका व्हायचा. लोक हसायला लागले तेव्हा चाचांनी सावरून घेतलं होतं, "पळून पळून झिजलं, मंडळी." तेवढ्यावर तंबू हलेपर्यंत हशा. मग हे वाक्य त्यांनी गावोगाव वापरलं. आत्यांनाही ते पाठ होतं. ऊन लागून वाळलेली कोथिंबीर दिसली, धुऊन आटलेलं लुगडं दिसलं, की त्या म्हणायच्या, पळून पळून झिजलं.

पंच्याण्णव साली सिनेमाला शंभर वर्षं झाली, त्या थंडीत बारामतीच्या पोरांच्या एका मंडळानं जुना मूकपट दाखवायचं ठरवलं. पुण्याहून कुणाच्या तरी ओळखीनं रिळांचा डबा मिळाला. सुरुवातीचा तुकडा कुजून गेलेला, त्यामुळे सिनेमाचं नाव नाही, की कुणा नटनटीचं नाव नाही. मंडळाचा अध्यक्ष यशराज रिळातल्या नटीचा फोटो घेऊन भिगवणला चाचांकडे आला. चाचांनी चष्मा वर केला, फोटो डोळ्यांशी धरला आणि सांगून टाकलं, "ही चंद्रकोर. ह्याच भागातली."

"कुठल्या गावची, चाचा?"

"तुमी कागद समद्या गावांत वाटा. ज्यांची आसंल ती येतील."

यशराजला हे फार हुशारीचं वाटलं. कागद वाटले गेले. मूकपटाची महातारका, आपल्याच मातीतली, कुटुंबीयांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. आत्यांनी मला तो कागद तीनदा वाचायला लावला आणि मग ट्रंकेतलं हिरवं लुगडं उन्हात टाकलं.

रविवारी सकाळी आम्ही भिगवणला एस.टी.त बसलो. चाचा आधीच येऊन जागा धरून होते. आत्यांनी मला मागे बसवलं आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसल्या. कपाळाला कोर, मोठी, ताजी.

"इमामभाई, गप का?"

"गोजरबाई, डोळं आता पयल्यासारखं न्हाईत. माझ्याच्यानं पडदा दिसंल का न्हाय..."

"तुमाला न्हाय दिसला तर मी सांगंन की. समदं पाठ हाय मला. नथ उजव्या नाकात घालती. कंपनीत तशीच पद्धत हुती."

चाचांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर उसाच्या गाड्या होत्या, आणखी काही नव्हतं. पण ते बारामतीपर्यंत बघत राहिले.

थेटरात शिरलो तर पहिल्या रांगेत मधोमध एक म्हातारी बसलेली. सोबत सात-आठ माणसं, हार, आणि मांडीवर नारळ, कुणी दिला नाही तर आपला असावा म्हणून आणलेला. तिच्याही कपाळाला कोर.

आत्या तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "बाई, ही जागा घरच्या माणसांची हाय."

"व्हय की. म्हणून तर बसलीया."

"कुणाच्या घरच्या?"

"चंद्रकोरच्या. माझी थोरली भन, यमुना. कऱ्हाटीची. मी धोंडाबाई. तुमी?"

 आत्यांनी वळून चाचांना शोधलं. चाचा दारातच थांबले होते, आणि दार ओढून घेता येतं का ते बघत होते.

"इमामभाई, हिकडं या," आत्या म्हणाल्या.

"येतो की."

"या मग."

धोंडाबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे नीट बघितलं. "आगं बया, ह्योच तो काठीवाला. ह्यानंच सांगितलं हुतं आमच्या बापाला, ही तुमची लेक म्हणून. मेळ्याला जाऊन हरवलेली पोर घावली, तर आमच्या बापानं ह्याला बोकड कापला हुता."

"आमच्याकडं नुसता च्या पिऊन गेला," आत्या म्हणाल्या.

यशराज धावत आला. एक शाल, एक श्रीफळ आणि दोन बहिणी बघून त्यानं जे कुणीही केलं असतं तेच केलं. आधी सिनेमा, मग सत्कार, असं जाहीर केलं. आणि चाचांच्या हातात एक काठी दिली. त्यांनी पूर्वीसारखं पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगावी, अशी मंडळाची इच्छा होती. चाचांनी काठी घेतली. पळून जायला ती उपयोगी नव्हती, पण टेकायला बरी होती.

आत्या धोंडाबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या, दोघींच्या मधे हाताची दांडी. दांडीवर दोघींचीही कोपरं.

दिवे गेले. महाल आला, खांब आला. खांबाच्या आडून ती आली, आणि चेहरा पडदाभर झाला. मी पहिल्यांदाच बघत होते. खरं सांगते, माझं नाक तिच्यासारखं अजिबात नाही. पण असा चेहरा होता की लोक देवाला सोडून हिला का बघायला लागले ते कळत होतं. ती नुसती पापणी खाली करायची आणि आपल्याला वाटायचं, आपण काहीतरी केलंय.

चाचांचा आवाज फुटला. म्हातारा, चिरका, पण तालात. "आली, मंडळी. बघा. आता बोलायची न्हाय, नुसती बघायची. पर तिचं बघणं म्हंजे..."

आत्यांनी माझं मनगट धरलं.

"शालन, तीळ डाव्या गालावर हाय."

"असू दे की, आत्या."

"नथबी डाव्या नाकात हाय."

शेजारून धोंडाबाई समाधानानं म्हणाल्या, "डावाच तीळ. आमच्या यमुनीचा डावाच. मी बापाच्या खांद्यावर बसून म्होरनं बघितलंय."

 पडद्यावर राजकन्येला कोंडून घालत होते, तिकडे आत्यांचं लक्ष नव्हतं. थोड्या वेळानं माझ्या कानाशी येऊन हळू म्हणाल्या, "मी कापडाच्या मागं बसले हुते गं. मला समदं उलटं दिसलं."

 डाळजच्या बायकांनी कधीकाळी जो उजवा गाल बघितला होता, तो पुढून डावा होता, आणि द्वारकीचा तीळ उजव्याच गालावर राहिला. आत्यांनी दांडीवरचं कोपर काढून घेतलं. लहान होऊन खुर्चीत मागे सरकल्या. आयुष्यभर रुबाबात वावरलेली बाई, माझ्याकडून पाय चेपून घेताना देखील 'द्वारकीला असं चेपायला माणसं होती' म्हणणारी, ती आता लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत होती. त्यांची आई जशी विहिरीत वाकायची, तशा त्या पुढे वाकल्या. पण पडद्याकडे बघेनात.

चाचांनी ते बघितलं. पडदा दिसत नाही म्हणणाऱ्या माणसाला पहिल्या रांगेतलं सगळं दिसत होतं. ते बोलायचे थांबले. थेटरात फक्त मशीनची घरघर. कुणीतरी मागून ओरडलं, "चाचा, बॅटरी संपली का?"

राजकन्या खिडकीतून उतरली, उंच घोड्याजवळ आली. पुढच्या चित्रात दूरवर रान होतं आणि घोडा धावत होता.

"ऐका मंडळी," चाचा म्हणाले. काठी त्यांनी पडद्यावर टेकवली, नेमकी घोड्यावरच्या बाईच्या पाठीवर. "आजवर कुणाला सांगितलं न्हाय, ते सांगतो. ही ती न्हाय."

धोंडाबाई ताठ झाल्या. "म्हंजे?"

"चंद्रकोर नवी हुती तवा तीच घोड्यावर बसायची, तीच पडायची, तीच पाण्यात उडी टाकायची. मग लोक तिला बघायला याया लागली. आन् ज्या दिवशी चेहरा महाग झाला, त्या दिवसापासनं कंपनीनं तिला घोड्यावर बसू दिलं न्हाय. चेहऱ्याला खरचटलं तर? मग पाठ दुसरीची घ्यायला लागले. हिचं नाव कुणी इचारलं न्हाय, मीबी ठिवलं न्हाय. चेहरा कऱ्हाटीचा, धोंडाबाई. तुमचा बोकड वाया गेला न्हाय. पर ही पाठ डाळजची हाय."

थेटरात हशा पिकला. मी कपाळाला हात लावला. शेतीच्या वाटण्या बघितल्या होत्या, बाईची वाटणी पहिल्यांदा बघत होते. मागच्या रांगेतून कुणीतरी बाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मी कळंबची सारजा. मग ती तळ्यात उडी टाकती ती आमची व्हय?"

"तीच," चाचा जराही न अडखळता म्हणाले.

धोंडाबाईंना चेहरा मिळाला होता, पण पाठ सोडवत नव्हती. त्या आत्यांकडे वळून म्हणाल्या, "आन् ती बाई हाय कशावरनं? तवा गडीच लुगडं नेसून घोड्यावर बसायचे, समद्यांला ठाऊक हाय. तुमची भन म्हणून एखाद्या बाप्याला ववाळाल."

आत्यांनी मान वर केली. धोंडाबाईंना उत्तर द्यायला म्हणून वर केली, पण नजर पडद्यावर गेली आणि तिथंच राहिली. घोडा धावत होता. आखूड पायांचा, पोट सुटलेला, बुटका. मागच्या रांगांतली पोरं त्याच्यावरच हसत होती. वर बसलेली बाई पाठमोरी होती, मग घोडा वळला आणि ती क्षणभर कुशीवरून दिसली, आणि रान संपलं.

आत्या उठून उभ्या राहिल्या.

"यशराज, बाळा, तेवढं माघारी फिरव."

"आजी, मधेच नाही थांबवता येत. सिनेमा..."

"फिरव म्हणतीया."

त्यानं मशीनवाल्याला खूण केली. दिवे लागले, रीळ उलटं गुंडाळलं, दिवे गेले. आत्या पडद्यापर्यंत चालत गेल्या आणि चाचांच्या शेजारी उभ्या राहिल्या. घोडा पुन्हा रानात आला.

"इमामभाई, काठी द्या."

चाचांनी काठी दिली.

"पाय बघा," आत्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण थेटर गप्प झालं होतं. "एक पाय मांडीखाली हाय. रिकिबीत न्हाय. रिकीबच न्हाय त्याला. आन् आता वळंल, तवा तोंडाकडं बघा."

घोडा वळला.

"पदर दातांत हाय," आत्या म्हणाल्या. "धोंडाबाई, कुठला गडी पदर दातांत धरतो?"

धोंडाबाई पडद्याकडे वाकून बघायला लागल्या.

मी चाचांकडे बघत होते, कारण तसा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. आत्या पाय बघत होत्या, चाचा घोडा बघत होते. त्यांचे ओठ हलले. ते नेहमीचं वाक्य होतं, झिजलेल्या घोड्याचं. ते अर्ध्यावर आलं आणि थांबलं. गावोगाव त्यांनी त्या घोड्यावर लोकांना हसवलं होतं. घोडा बदललाय हे लोकांच्या ध्यानात येऊ नये म्हणून हसवलं होतं. पण बदलून आलेलं घोडं कुणाचं, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

पुढची गोष्ट त्यांनी सांगितलीच नाही. राजकन्या तळ्यात पडली, वर आली, तिचं लग्न झालं, सगळं मुक्यानंच झालं. तळ्याच्या वेळी मागून सारजाबाईंनी एकदा टाळी वाजवली, तेवढाच आवाज.

सत्काराला तिघी स्टेजवर गेल्या. शाल एकच होती. यशराजनं ती तिघींच्या खांद्यांवरून आडवी घातली आणि फोटो काढला. श्रीफळ कुणाला द्यावं म्हणून तो घुटमळला, तर धोंडाबाईंनी आपल्याजवळचं आत्यांच्या ओटीत घातलं.

"घे गं. तुझ्या भनीनं घोडं धरलं म्हणून माझ्या भनीचं त्वांड शाबूत ऱ्हायलं."

"नाक जरा बसकंच हाय तिचं," आत्या म्हणाल्या.

"आसू दे. दिसलं तरी. तुमचं तर नुसतं बूड दिसलं."

आत्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. निघताना दोघींनी एकमेकींच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि संक्रांतीला यायचं नक्की केलं. कोण कुणाकडे जाणार यावर मात्र एस.टी. येईपर्यंत भांडल्या.

परतीच्या एस.टी.त आत्या खिडकीशी बसल्या. नारळ मांडीवर. चाचा शेजारी. मी मागेच होते, त्यामुळे मला दोघांची डोकी दिसत होती आणि सगळं ऐकू येत होतं.  मग आत्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "आईनं उगं विहिरी बघितल्या. रस्ता बघायचा हुता."

चाचा चुळबुळले. "गोजरबाई."

"हं."

"मी आपलं बोलायचं म्हणून बोललो हुतो. आजबी आन् तवाबी."

"ठाऊक हाय मला."

"मग तुमी तितं उठून पाय बघा, पदर बघा... ते खरंच तशी बसायची द्वारकी? का माझी अब्रू राखायला?"

"तुमच्या अब्रूसाठी मी पडद्यापत्तूर चालत जाईन व्हय? गुडघं बघा माझं."

चाचा जवळ सरकले. "त्या घोड्याच्या म्होरल्या पायाला पांढरं हुतं. तुमी बघितलं का न्हाय? दोनदा आलं. डाव्या पायाला. न्हाय, आपण म्होरनं बघत हुतो, डाव्याच पायाला. सासरचं जे घोडं द्वारकीनं नेलं, त्याला हुतं का पांढरं?"

"मी कशाला सांगू? तुमीच सांगता की समद्यांस्नी."

"आवं सांगा की."

आत्यांनी नारळ कानाशी धरून हलवला, पाणी आहे का ते ऐकलं, आणि पुन्हा मांडीवर ठेवला. भिगवण आलं. आमची गाडी पुढे डाळजला जाणारी होती. चाचा उठले, दांडी धरून दारापर्यंत गेले, एक पाय पायरीवर ठेवून वळले. मागे उतरणारी माणसं खोळंबली. कंडक्टर म्हणाला, "चाचा, उतरा."

"उतरतो की. गोजरबाई, एवढंच सांगा. त्ये घोडं माघारी कवाच आलं न्हाय?"

"कवाच न्हाय."

चाचांनी मान हलवली. "मग तीच हाय," ते म्हणाले. "तीच हाय, आईशप्पत."

"मी जल्मभर दुसरं काय म्हणतीया?" आत्या म्हणाल्या. "उतरा आता. लोक खोळंबल्याती."